माप मला पाठ आहे

९ मे

रंगाचा दुसरा हात झाला! बोटांना अजून वास येतोय. कयाक शेडमध्ये लाकडी घोडीवर आडवी आहे — पांढरी, लांब, नाक जरा वर काढलेली. दार लोटून घेतलं आणि नुसता बघत बसलो. बिबियाने, माझी बायको, दोनदा हाक मारून गेली. "यूस्तुस, सूप निवलं! का आता तिला अंगाई म्हणणार आहेस?"

म्हणणारच होतो.

दादा गुरुवारच्या बोटीने येतोय. राजधानीत, नूकमध्ये चाललेला तिचा नर्सिंगचा कोर्स संपला. — बघा, 'येतोय' लिहिलं आणि पुढे 'तिचा' लिहिलं. होतं असं. दादा म्हणजे आमच्या मुलीची मुलगी, उल्रिका, वय वर्षं बावीस. आमच्याकडे बाळाला ज्याचं नाव द्यायचं त्याचं नातंही सोबत द्यायचं. हिला माझ्या थोरल्या भावाचं, उल्रिकचं नाव दिलं, त्या दिवसापासून पाळण्यातल्या त्या गाठोड्याला मी दादा म्हणतो. बोलायला लागली तशी तीही मला 'धाकट्या' म्हणायला लागली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला धाकट्या म्हणणारं जगात एक तरी कोणी हवंच!

कयाक तिच्यासाठी. जुलैत नूकला देशभरातल्या कयाकवाल्यांची स्पर्धा आहे, ती उतरणार आहे. कयाक अंगाच्या मापाने बांधायची असते आणि मापाला ती सबंध हिवाळा इथे नव्हती. बिबियाने म्हणाली, फोन करून विचार. काय विचारायचं? माप मला पाठ आहे! शाळेत असताना मीच ते कवितेत बसवलं होतं. होसेआ गुरुजींनी वर्गापुढे उभं करून म्हणायला लावलं. आणि दादा — पहिला दादा — रंधा मारताना तेच गुणगुणायचा.

हात पसर, तीनदा मोज — तेवढी लांबी घे,
कमरेशेजारी दोन मुठी — तेवढी रुंदी दे,
मांडीवरती मूठ एक, अंगठा त्यावर उभा —
एवढ्यात जो मावला त्याला समुद्र देतो मुभा.

'उभा'ला 'मुभा' जुळवायला मला आठवडा लागला होता. सगळा हिवाळा शेडमध्ये एकटा हेच म्हणत होतो. हात पसरले, खूण केली. मुठी ठेवल्या, खूण केली. एकदाही कुठे अडलं नाही.


१० मे

वारा पडलाय, रंग वाळत नाही. सूप पुन्हा निवलं.


१३ मे

आली! केस कापलेत. मला वाटलं होतं उंची वाढली असेल, तर होती तेवढीच — माझ्या खांद्याला लागते. बिबियानेने दारातच दरडावलं, "मोठे भावजी, बूट बाहेर! फरशी आत्ता पुसलीय." ह्या दोघींचं हे वर्षानुवर्षं असंच चालतं. भावजींनी बूट काढले आणि आजीला उचलूनच घेतलं.

कॉफीला एनोक आधीच येऊन बसला होता. बिबियानेचा थोरला भाऊ. केक असला की त्याला घरबसल्या वास लागतो. कॉफी संपवून सगळे शेडमध्ये गेलो. उल्रिकाने कयाकवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. मग म्हणाली, "धाकट्या, हे तू केलंस?"

"आणि शिवलं कोणी?" मागून बिबियाने. कापड तिनेच चढवलंय. सांगाड्यावर ताणून बसवलेली प्रत्येक शिवण तिच्या हातची.

एनोकने सगळीकडून पाहिलं. "मास्तर, सुंदर आहे. भिंतीला लावण्यासारखी!"

मग कळलं, त्यानेही एक केलीय. प्लायवूडची. हिरवी. मला पत्ता लागू दिला नाही! मी म्हटलं, "तुझी पण चांगलीच असेल. मासे खारवायला."

उल्रिका दोघांच्या मधे उभी. शेवटी तिनेच ठरवलं — दोन्ही पाण्यात उतरवायच्या. आधी वेग, मग वाऱ्यात वळण, मग उलटं होऊन वर येणं. तिन्ही झाल्यावर जी अंगाला लागेल ती घेऊन ती नूकला जाणार. एनोक म्हणाला, कबूल. मीही म्हटलं, कबूल.

इथे लिहितो, त्यांना सांगितलं नाही — ही माझी शेवटची कयाक. खांदा आता रंध्याला नको म्हणतो. तिने हीच घेऊन जावं. बाकी काही नको.


१७ मे

वेगाची चाचणी. चर्चच्या टोकापासून म्हातारीच्या दातापर्यंत — खाडीच्या तोंडाशी एकटाच उभा आहे तो खडक.

एनोकने वेळ लावायला फोन काढला. मी म्हटलं, फोन ठेव! आम्ही वेग कवितेने मोजायचो. दादा वल्हवायचा, मी टोकावर उभा राहून दुसरीच्या पुस्तकातली बर्फाची कविता मोठ्याने म्हणायचो. ती सहा कडव्यांची, लाटेसारखी चाल — 'बर्फा, सोड रे किनारा.' तो दाताला पोचून वल्हं उभं करायचा, की थांबायचं. दादाची सगळ्यात वेगाची खेप चौथ्या कडव्यात, 'आई' ह्या शब्दाला संपली होती. ते पुढे कोणाला जमलं नाही. म्हणजे तसं कोणी करूनही पाहिलं नाही.

आज आधी हिरवी. पाचवं कडवं संपता संपता वल्हं उभं राहिलं. मग माझी पांढरी! पाण्यावर असं लांब पांढरं पीस सरकावं तशी गेली. चौथं कडवं नुकतं उघडलं होतं — आणि वल्हं उभं!

मी टोपी उडवली. ती पाण्यात पडली. एनोक कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता.

"मास्तर, माझ्या वेळेला तू मागे अस्वल लागल्यासारखा म्हणत होतास."

"आणि?"

"आणि स्वतःच्या वेळेला कोणाला पुरतोयस असा!"

बिबियाने हसून हसून दगडावर बसली. एनोकने फोन चोरून चालू ठेवलाच होता. फोनचं म्हणणं, दोन्ही सारख्याच. हिरवी नखभर पुढे. फोनला काय कळतंय कडव्यातलं!


१८ मे

बिबियाने कॉफी ओतताना म्हणाली, "तुझ्या कयाकच्या वेळेला तू प्रत्येक कडव्यानंतर समुद्राकडे बघून उसासा टाकलास. मी ऐकलंय."

साखर मागितली.


२२ मे

वाऱ्यात वळण. वायव्येचा वारा, लाटांना पांढरी शेंडी. अगदी हवा होता तसा.

हिरवी गेली, दाताला वळसा घालून आली. बेडूकउडीच, पण आली. मग पांढरी. खाडीच्या मध्यापर्यंत सरळ — आणि तिथे तिने वाऱ्याकडे नाक फिरवलं. उल्रिकाने ओढून आणलं, पुन्हा फिरवलं. तिने कयाक कुशीवर घेतली, म्हणजे ती वळायला हवी. वळेना! उल्रिका एकीकडे कलते आहे आणि कयाक आपली दुसरंच काहीतरी मनात धरून. वर्गात काही मुलं असतात अशी. हुशार, पण खिडकीबाहेर बघणारी. मला ती नेहमीच आवडायची. पण समुद्रावर नकोत.

कशीबशी किनाऱ्याला आली. तोंडावरून पाणी निथळतंय आणि हसतेय. "मस्त आहे रे, धाकट्या. मलाच अजून सवय नाही."

एनोक टिंगल करेल म्हणून मी तयारीत होतो. तो काहीच बोलला नाही. ते जास्त लागलं.


२४ मे

एनोक सकाळी आला. म्हणाला, कयाक पाण्यावर फार उंच तरंगतेय, वारा तिला धरतो. "मागच्या बाजूला दगड टाक, बसेल खाली." शत्रूने औषध सांगावं! बिबियानेचे मासे दाबायचे दगड नेले. ती दारातून ओरडली, "ते मोजून परत आणा!"

आता नाक फिरत नव्हतं. पण आता काहीच फिरत नव्हतं. दाताला वळसा घालायला तिला मालवाहू जहाजासारखा अर्धा समुद्र लागला. एनोकने बराच विचार केला आणि सांगितलं की दगडच चुकीच्या जातीचे आहेत.

दगड परत नेले. एक कमी भरला.


२९ मे

आज समुद्र आरसा. डोंगर वर आहेत तेवढेच खाली. असा समुद्र असला की मी खिडकीचा पडदा अर्धा ओढून घेतो. बिबियाने काही विचारत नाही. तिला ठाऊक आहे.

माझ्या सोळाव्या वर्षातला असाच दिवस. दादाबरोबर सीलच्या मागे गेलो होतो. वारा नाही, आवाज नाही. पाणी आणि आभाळ ह्यांच्यातली रेघ पुसली गेली — आणि मला भोवळ आली. कयाकची भोवळ. इथल्या म्हाताऱ्यांना विचारा, भले भले शिकारी तिने किनाऱ्याला बसवलेत. वाटतं की कयाक लांब लांब होत चाललीय, पाणी थंड होऊन पायांतून वर चढतंय, मान वळवली तर आभाळात पडू. मान वळत नाही. वल्हं हातात आहे पण हातच आपला नाही. ओरडायलाही येईना.

मग माझ्या कयाकवर ठक्क असा आवाज झाला. दादाने कयाक शेजारी आणून आपलं वल्हं दोन्हींवर आडवं टाकलं होतं. आता मी बुडू शकत नव्हतो.

"धाकट्या, कविता म्हण."

"कुठली?"

"बर्फाची. मोठ्याने. गुरुजी ऐकतायत असं समज."

म्हटली. दात वाजत होते, तरी म्हटली. चालीत कुठे चुकलो की तो दुरुस्त करायचा! त्याला काय कविता यायची, पण माझ्यामुळे पाठ झाली होती. असे हळूहळू किनाऱ्याला लागलो.

त्यानंतर मी कयाकमध्ये बसलो नाही. दादाने कोणाला सांगितलं नाही. मला म्हणाला, "मास्तर हो तू. किनाऱ्यावर उभं राहून मोजायला कोणीतरी लागतंच." पुढल्या शरदात छातीच्या रोग्यांना न्यायला जहाज आलं, ते त्याला डेन्मार्कला घेऊन गेलं. पाण्यातला माणूस, तिथल्या दवाखान्यात कोरड्या गादीवर गेला. वल्हं तेवढं राहिलं. आमच्या दारावर आहे.

पुढे मी दुसऱ्यांसाठी कयाक बांधल्या. तीनच. ते शेजारी उभे राहायचे, मी माप घ्यायचो. ही चौथी.


३ जून

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

तिसरी चाचणी. उलटं होऊन वर येणं. उल्रिकाला हे लहानपणापासून येतं. पाण्याखाली डोकं घालून दुसऱ्या बाजूने हसत वर येते. हिरवीत आली. मग पांढरीत उलटी झाली.

वर आली नाही.

पांढरं पोट वर, आणि खाली काही नाही. मी कविता म्हणत नव्हतो, पण डोक्यात एक ओळ सुरू होती आणि ती संपेना. मग कयाकच्या पलीकडे तिचं डोकं दिसलं, सुटं! बैठकीच्या कड्यातून ती निसटली होती. एनोक मोटरबोटीत तयारच होता. मानेला धरून तिला वर ओढली. काय शिव्या दिल्या त्याने — समुद्राला, मला, तिला, बोटीच्या इंजिनाला.

बिबियानेने तिला घोंगड्यात गुंडाळून घरात नेलं. मी कयाक किनाऱ्यावर ओढली, पाणी काढायला तिरकी केली. पाण्याबरोबर कड्यातून एकेक बाहेर पडायला लागलं. रेनडिअरच्या कातड्याचे दोन तुकडे. खाटेवरची उशी. माझा जुना राखी स्वेटर — मी पंधरा दिवस शोधतोय तो!

कमरेशी, मांडीशी ठासून भरलं होतं सगळं. कयाक तिला ढगळ होती. पहिल्या दिवसापासून.

घरात गेलो. स्वेटर हातात, गळतोय. ती चुलीशी बसली होती, ओठ निळे.

"दादा, हे काय?"

"थंडी वाजत होती."

"कमरेला?"

तिने बिबियानेकडे पाहिलं. बिबियाने म्हणाली, "आता सांगा भावजी. मी नाही सांगणार."

"तू सगळा हिवाळा खपलास, धाकट्या," ती म्हणाली. "मी भरून काढलं असतं. आणखी एक उशी घातली असती तर जमलंच असतं."


४ जून

बिबियाने बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ते दादाचं माप आहे, यूस्तुस. तुझ्या दादाचं. जो गेला त्याचं. पोर केवढी, कड्याचा घेर केवढा! कापड चढवतानाच माझ्या लक्षात आलं होतं. दीडपट लागलं."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळा हिवाळा शेडमधून तुझा आवाज येत होता. कविता म्हणतोयस, मधेच हसतोयस. निवृत्त झाल्यापासून ऐकलं नव्हतं मी. म्हटलं, चालू दे. ढगळ असली तर असली. कपडे नाही का ढगळ घालत पोरं?"

बटाटा पाण्यात टाकला. मग म्हणाली, "चुकलंच माझं. पण छान म्हणत होतास."

शेडमध्ये जाऊन बसलो. खरं सांगू? वाईट वाटायला हवं होतं आणि वाटत होतंच. पण खाली कुठेतरी गोडही वाटत होतं. म्हणजे मी सबंध हिवाळा दादासाठी कयाक करत होतो. त्याला कोणी शेवटची कयाक केलीच नव्हती.


५ जून

उल्रिकाला सांगितलं, हिरवी घे.

"नाही."

"हिरवी घे म्हणतो ना."

"चाचण्यांनंतर मी निवडणार असं ठरलं होतं. मी पांढरी निवडली. जा."

अशीच हट्टी. तो पण असाच होता. मी म्हटलं, "दादा, एकदा मेलास तेवढं पुरे झालं. आता एनोकची घे."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग माझ्या खांद्याला नाक पुसलं. थोरल्या भावांनी असं करू नये. मी चालवून घेतलं.

एनोककडे मीच गेलो. म्हटलं, तुझी जिंकली. वाटलं होतं गावभर सांगत सुटेल. तो उंबऱ्यात उभा राहिला, डोकं खाजवलं. "कॉफी घेणार?" म्हणाला. दोन कप झाले. कयाकचा विषय निघाला नाही.


११ जून

मासे खडकांवर वाळत घातलेत, सबंध गावाला वास आहे. उल्रिका रोज हिरवीतून जाते. आज टोकावर उभं राहून कविता म्हटली. एका चालीत, कोणाची बाजू न घेता. चौथं कडवं, 'आई'च्या एकच शब्द अलीकडे. एनोकला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे किती?"


२१ जून

राष्ट्रीय दिन. सकाळी झेंडा, चर्चची गाणी, मग घरोघर कॉफी. आमच्याकडे खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून सगळे बाहेर, शेडपाशी. दार उघडं होतं, पांढरी आत दिसत होती. कोणीतरी विचारलं, "मास्तर, आता हिचं काय करणार?"

मी जरा गंभीर झालो. म्हटलं, "राहू दे. ती दादाची आहे. त्याच्याच मापाने झालीय, माझ्याही नकळत. माणूस जातो, माप मागे राहतं—"

अजून दोन वाक्यं तयार होती. एनोकच्या तोंडातला केक बाहेर आला.

"कोणाच्या मापाने? उल्रिकच्या?"

"का?"

"अरे, मी त्याच्या शेजारी बसून शिकार केलीय! त्या कड्यात उल्रिकची एक मांडी गेली असती. दुसरी किनाऱ्यावर ठेवून जावी लागली असती!"

सगळे हसले. मला राग आला. पण खरं होतं. दादा आडवा होता, दारातून तिरका यायचा. हे मला आठवत नव्हतं असं नाही. कवितेच्या नादात ते आठवायचंच राहून गेलं.

"मग हे माप कोणाचं?" बिबियाने म्हणाली. "पोरीचं नाही, भावजींचं नाही—"

उल्रिका कप ठेवून उठली. कयाककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा कयाककडे. मग हळूच म्हणाली, "धाकट्या, हात पसर."

"कशाला?"

"पसर ना."

पसरले. तिने मला कयाकच्या शेपटाशी उभं केलं. बोटाच्या टोकाशी खूण. पुढे सरकवलं. खूण. पुढे. तिसऱ्या खेपेला माझं मधलं बोट कयाकच्या नाकाच्या टोकावर येऊन टेकलं. बरोब्बर. तिथून पुढे लाकूडच नव्हतं.

मग कड्यात मला कमरेपर्यंत उभा घातला. माझ्याच मुठी दोन्हीकडे. एक इकडे, एक तिकडे. बसल्या.

"सगळा हिवाळा शेडमध्ये एकटा होतास," उल्रिका म्हणाली. "'हात पसर, हात पसर' म्हणत होतास. मग कोणाचे पसरलेस?"

आधी एनोक हसला, मग बिबियाने. मग मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. जन्मभर मुलांना शिकवलं की कवितेतला 'तू' कोण हे आधी बघा!

हसू थांबल्यावर मी म्हटलं, "पण मी बसणार नाही."

कोणी बस म्हटलंच नव्हतं.


२२ जून

शेडला कुलूप लावलं. किल्ली स्वयंपाकघरात, सुयांच्या डब्यात टाकली.


६ जुलै

नूकहून फोन! लांब पल्ल्याच्या शर्यतीत दुसरी! एनोक तिच्याबरोबर गेलाय. फोनवर आधी तोच आला, घसा बसलेला. "दुसरी, मास्तर! पहिल्या पोरीला वारा फितूर होता. आणि सगळे विचारत होते, कयाक कोणाची, कयाक कोणाची!" मग आवाज अगदी बारीक करून, "मी सांगितलं, माप आमच्या मास्तरकडून शिकलो."

शिकला कुठला! पण म्हणाला.

मग उल्रिका. अजून धाप होती. शर्यतीचं काही बोलली नाही. "धाकट्या, तिकडे समुद्र कसा आहे?"

"आरसा."

"पडदा कुठे आहे?"

मी पडद्याकडे पाहिलं.

"उघड," ती म्हणाली.


१४ जुलै

आज सकाळी उठलो तर आरसा, आणि शेडचं कुलूप निघालेलं. सुयांच्या डब्याबद्दल बिबियानेला विचारलं नाही. तिने दारावरचं वल्हं काढून पुसून ठेवलं होतं. पांढरी आणि हिरवी, दोन्ही पाण्याच्या कडेला; हिरवीत उल्रिका, कालच नूकहून परतलेली. एनोक बाजूला उभा राहून डोंगरांकडे बघत होता, डोंगर पहिल्यांदाच पाहिल्यासारखा.

बसलो. कमरेला दोन्हीकडे एकेक मूठ. मांडीला लाकूड लागलं.

चर्चचं टोक सुटलं तसे पाय गार पडले. मान वळेना. आणि कयाकवर ठक्क! तिचं वल्हं, आडवं.

"धाकट्या, कविता म्हण."

पांढरी सरळ जाते. नाक फिरवत नाही. कुशीवर घेतली की वळते. तिच्यात काही दोष नाही.

दातापर्यंत गेलो. कविता कितीदा संपली, मोजलं नाही.